अज्ञात कोनाचा शोध : कोनसंबंध, परिभाषा आणि सोलापूरच्या बहुभाषिक वर्गातील अध्यापन

सारांश

शालेय भूमितीत अज्ञात कोनाचे माप काढण्याचा प्रश्न सामान्यतः बेरीज-वजाबाकीचा प्रश्न म्हणून सोडविला जातो. वस्तुतः तो सिद्धतेचाच एक लघु प्रकार आहे. त्यातील प्रत्येक पायरी एका अटीवर आणि एका संज्ञेवर उभी असते. अट विसरली किंवा संज्ञेचा अर्थ बदलला, तर आकडेमोड बिनचूक असूनही उत्तर चुकते. प्रस्तुत लेखात कोनसंबंधांची तार्किक उतरंड, मूळ प्रमेय व व्यत्यास यांतील भेद, मराठी, हिंदी, कन्नड व तेलुगू परिभाषेतील तफावत आणि सोलापूर-उज्जैन या दोन स्थळांच्या छायामापनाचे उदाहरण यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कोनसंबंध, समांतर रेषा, व्यत्यास, कोटिकोन, पूरक कोन, छायामापन.

१. प्रस्तावना

'आकृतीतील क्ष ची किंमत काढा' हा प्रश्न इयत्ता सातवीपासून दहावीपर्यंत निरनिराळ्या रूपांत विद्यार्थ्यासमोर येतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववीच्या 'गणित भाग २' या २०१७ साली आलेल्या पाठ्यपुस्तकात मूलभूत संबोध, समांतर रेषा आणि त्रिकोण अशी प्रकरणांची मांडणी आहे. हा क्रम केवळ सोयीचा नसून तर्काचा आहे. त्रिकोणाच्या कोनांविषयीचे प्रमेय समांतर रेषांच्या गुणधर्मावाचून सिद्ध होत नाही, म्हणून समांतर रेषा आधी येतात.

तथापि परीक्षेच्या दडपणाखाली हा क्रम विस्मरणात जातो आणि 'बेरीज १८०' किंवा 'दोन्ही समान' अशी दोन सूत्रे तेवढी शिल्लक राहतात. आकृती पाहून यांपैकी एक सूत्र निवडायचे आणि समीकरण सोडवायचे, अशी सवय जडते. हा विद्यार्थी पुढे तंत्रनिकेतनात, विज्ञान शाखेत किंवा अध्यापक महाविद्यालयात दाखल होतो, तेव्हा 'हे कोन समान का?' या साध्या प्रश्नापाशी तो अडखळतो. त्यामुळे शालेय स्तरावरचा वाटणारा हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांच्याही विचाराचा ठरतो.

२. कोनसंबंधांची उतरंड

मूलभूत भूमितीतील कोनसंबंध तीन गटांत विभागता येतात.

पहिला गट एकाच बिंदूपाशी निर्माण होणाऱ्या कोनांचा आहे. एका रेषेवर एक किरण उभा केला असता होणाऱ्या रेषीय जोडीतील कोनांची बेरीज १८० अंश असते. दोन रेषा परस्परांना छेदतात तेव्हा विरुद्ध कोन समान असतात. दुसरे विधान पहिल्यावरून निघते. दोन्ही विरुद्ध कोन एकाच मधल्या कोनाबरोबर रेषीय जोडी करतात, म्हणून प्रत्येकाचे माप १८० मधून तोच कोन वजा केल्यावर येणारे, अर्थात सारखेच असते. या गटातील संबंधांना रेषा सरळ असण्यापलीकडे कोणतीही अट लागत नाही.

दुसरा गट दोन वेगळ्या बिंदूंपाशी असलेल्या कोनांचा आहे. दोन रेषांना एका छेदिकेने छेदल्यावर संगत कोन, व्युत्क्रम कोन आणि छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन निर्माण होतात. हे कोन कोणत्याही दोन रेषांपाशी होतात. मात्र संगत कोन समान, व्युत्क्रम कोन समान आणि आंतरकोनांची बेरीज १८० अंश हे गुणधर्म रेषा समांतर असतील तरच लागू पडतात. कोनांचे नाव त्यांच्या स्थानावरून पडते, पण त्यांची समानता समांतरतेवरून येते. हा भेद वर्गात स्पष्टपणे सांगितला जाणे आवश्यक आहे.

तिसरा गट बंदिस्त आकृतीतील कोनांचा आहे. त्रिकोणाच्या एका शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढली असता पायाकडील दोन्ही कोन व्युत्क्रम कोनांच्या रूपाने त्या शिरोबिंदूपाशी येतात आणि तेथील कोनासह एका सरळ रेषेवर बसतात. म्हणून त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश होते. त्यावरूनच बाह्यकोन हा दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो हे निघते. चौकोन, पंचकोन इत्यादींचे कर्णांनी त्रिकोण पाडले की, न बाजूंच्या बहुभुजाकृतीच्या आंतरकोनांची बेरीज (न − २) × १८० अंश हे सूत्रही हाती येते.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने रचलेल्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात हीच उतरंड आढळते. रेषीय जोडीचे विधान तेराव्या आणि विरुद्ध कोनांचे विधान पंधराव्या प्रमेयात आहे. समांतर रेषांमुळे होणाऱ्या कोनसंबंधांचे विधान एकोणतिसाव्या प्रमेयात येते आणि समांतर रेषांसंबंधीच्या पाचव्या गृहीतकाचा आधार युक्लिड तेथे प्रथमच घेतो. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज बत्तिसाव्या प्रमेयात आहे. 'बेरीज १८०' हे वाक्य तेराव्या प्रमेयातही उपयोगी पडते आणि बत्तिसाव्यातही. मात्र दोन्ही ठिकाणी त्याचा आधार भिन्न आहे. विद्यार्थ्याने उत्तराशेजारी कारण लिहावे असा आग्रह धरण्यामागील हेतू हाच आहे.

३. अट, प्रमेय आणि व्यत्यास

एका छेदिकेमुळे झालेल्या संगत कोनांची मापे (३क्ष + १०) अंश व (५क्ष − ३०) अंश आहेत असे मानू. रेषा समांतर असल्याचे पक्षात दिले असेल, तर दोन्ही मापे समान घेऊन क्ष = २० आणि प्रत्येक कोन ७० अंश असे उत्तर मिळते. रेषा समांतर असल्याचे दिलेले नसेल आणि केवळ आकृतीत तसे दिसत असेल, तर क्ष काढताच येत नाही. 'क्ष च्या कोणत्या किमतीला या रेषा समांतर होतील?' असा प्रश्न असेल, तर पुन्हा २० हेच उत्तर येते. मात्र तेथे मूळ प्रमेय नव्हे, तर त्याचा व्यत्यास वापरलेला असतो. तिन्ही प्रसंगी आकृती तीच आहे, समीकरणही तेच आहे, परंतु तर्क वेगळा आहे. युक्लिडने कोनांवरून समांतरता ठरविणारी प्रमेये (२७ व २८) आणि समांतरतेवरून कोन ठरविणारे प्रमेय (२९) स्वतंत्र ठेवली, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

अज्ञात कोन शोधताना दुसरी अडचण असते ती आकृतीत नसलेली रेषा काढण्याची. रेषा अब आणि रेषा कड समांतर आहेत. ब आणि ड हे बिंदू अक च्या एकाच बाजूस आहेत. दोन्ही रेषांच्या मध्ये, त्याच बाजूस, प हा बिंदू असा आहे की कोन बअप ३५ अंश व कोन डकप ४८ अंश आहे. कोन अपक किती? दिलेल्या आकृतीत कोणतीही एक छेदिका दोन्ही समांतर रेषांना प मधून छेदत नाही, म्हणून पाठ केलेले सूत्र येथे चालत नाही. प मधून दोन्ही रेषांना समांतर असा किरण अ आणि क यांच्या दिशेने काढला, की कोन अपक चे दोन भाग होतात. वरचा भाग कोन बअप चा व्युत्क्रम कोन म्हणून ३५ अंश, तर खालचा भाग कोन डकप चा व्युत्क्रम कोन म्हणून ४८ अंश होतो. म्हणून अपेक्षित कोन ८३ अंश आहे. येथील आकडेमोड तिसरीतल्या मुलालाही जमेल अशी आहे. खरे काम ती रेषा सुचण्यात आहे. त्रिकोणाच्या कोनांच्या सिद्धतेतही अशीच एक रेषा काढली जाते. ती सिद्धता समजून घेतलेल्या विद्यार्थ्याला ही रेषा सुचण्याची शक्यता अधिक असते.

४. परिभाषेचा प्रश्न

सोलापूर हे बहुभाषिक शहर आहे. मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू, उर्दू व हिंदी या भाषा येथील घरांत आणि बाजारपेठेत बोलल्या जातात. शहराच्या पूर्व भागातील विणकर समाजात तेलुगूचा, तर अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नडचा वापर मोठा आहे. महाविद्यालयाच्या एकाच वर्गात निरनिराळ्या माध्यमांतून आलेले विद्यार्थी शेजारी बसतात. अशा वर्गात भूमितीच्या परिभाषेकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे ठरते, कारण या भाषांतील गणिती संज्ञा संस्कृतोद्भव असल्याने सारख्या दिसतात, पण त्यांचे अर्थ सर्वत्र सारखे नाहीत.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'पूरक' हा शब्द. मराठीत ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज ९० अंश असते ते कोटिकोन आणि ज्यांची बेरीज १८० अंश असते ते पूरक कोन. हिंदीत मात्र ९० अंशांच्या जोडीस 'पूरक' आणि १८० अंशांच्या जोडीस 'संपूरक' म्हणतात. तेलुगूतही 'पूरक' व 'संपूरक' हाच क्रम आहे. कन्नडमध्ये ९० अंशांसाठी 'पूरक' आणि १८० अंशांसाठी 'परिपूरक' असे शब्द आहेत. म्हणजेच एकच शब्द तीन भाषांत ९० अंश आणि मराठीत १८० अंश सुचवितो.

याचा परिणाम किती दूरगामी असू शकतो हे पुढील प्रश्नावरून दिसेल. 'एका कोनाचा पूरक कोन त्याच्या चौपट आहे, तर तो कोन किती?' मराठी अर्थाने क्ष + ४क्ष = १८०, म्हणून कोन ३६ अंश व त्याचा पूरक १४४ अंश. हिंदी, तेलुगू वा कन्नड अर्थाने क्ष + ४क्ष = ९०, म्हणून कोन १८ अंश व दुसरा ७२ अंश. दोन्ही उत्तरे पूर्णांकांत येतात, दोन्ही पडताळून पाहता येतात आणि दोन्ही आपापल्या भाषेत बरोबर आहेत. आपले काही चुकले अशी शंकाही विद्यार्थ्याला येण्याचे कारण नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मात्र तो 'कच्चा' वाटेल. अडचण भूमितीच्या आकलनाची नसून शब्दाची आहे, हे अध्यापकाने ओळखले नाही तर त्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो.

मराठीतील 'कोटिकोन' ही संज्ञा प्रथमदर्शनी अवघड वाटली तरी तिच्यामागे दीर्घ परंपरा आहे. भारतीय गणितात काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी व कर्ण म्हणत. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) 'लीलावती'त याच संज्ञा येतात. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी आणि कोटी म्हणजे धनुष्याचे टोक. काटकोन त्रिकोणातील एका लघुकोनाची ज्या ही दुसऱ्या लघुकोनाची कोटिज्या असते. म्हणून ३० अंशांची ज्या आणि ६० अंशांची कोटिज्या समान येतात. कोटिकोन आणि कोटिज्या यांतील 'कोटि' एकच आहे. हे नाते उलगडून दाखविल्यास नववीतील एक संज्ञा आणि त्रिकोणमितीतील एक सूत्र एकाच वेळी स्मरणात राहते. प्राचीन भारतीय परंपरेचा भर कोनांपेक्षा बाजूंवर व ज्यांवर होता. युक्लिडची कोनप्रधान मांडणी संस्कृतात आली ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सवाई जयसिंहाच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राटाने अरबीवरून केलेल्या 'रेखागणित' या ग्रंथाच्या रूपाने. आजच्या पाठ्यपुस्तकात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आहेत.

मराठीच्या अंतर्गतही काही संज्ञा सावधपणे वापराव्या लागतात. 'आंतरकोन' हा शब्द छेदिकेच्या एका बाजूच्या कोनांसाठीही येतो आणि बहुभुजाकृतीच्या आतील कोनांसाठीही. पहिल्या अर्थी, रेषा समांतर असल्यास, दोहोंची बेरीज १८० अंश असते. दुसऱ्या अर्थी त्रिकोणात तिहींची बेरीज तितकी असते. त्याचप्रमाणे छेदणाऱ्या रेषांचे 'विरुद्ध कोन' आणि चौकोनाचे 'संमुख कोन' यांत गल्लत होऊ नये. विरुद्ध कोन नेहमीच समान असतात. संमुख कोन समांतरभुज चौकोनात समान असतात, तर चक्रीय चौकोनात त्यांची बेरीज १८० अंश असते.

५. सोलापूर आणि उज्जैन : एक अज्ञात कोन

व्युत्क्रम कोनांचे प्रमेय केवळ वहीतील आकृतीपुरते नाही, हे दाखविणारे उत्तम उदाहरण सोलापूरच्या भौगोलिक स्थानातच आहे. सोलापूरचे अक्षांश सुमारे १७ अंश ४० मिनिटे उत्तर आणि रेखांश सुमारे ७५ अंश ५५ मिनिटे पूर्व आहेत. उज्जैनचे अक्षांश सुमारे २३ अंश ११ मिनिटे उत्तर व रेखांश ७५ अंश ४७ मिनिटे पूर्व आहेत. भारतीय ज्योतिषसिद्धांतांनी उज्जैनवरून जाणारी रेखा ही मध्यरेखा मानली होती आणि सोलापूर जवळजवळ त्याच रेखेवर आहे. दोन्ही ठिकाणच्या स्थानिक मध्यान्हांत जेमतेम अर्ध्या मिनिटाचे अंतर पडते. दाते पंचांग ज्या शहरातून प्रसिद्ध होते, त्या शहराच्या दृष्टीने ही बाब विशेष औचित्याची आहे.

सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने वर्षातून दोनदा, १०-११ मे आणि २ ऑगस्टच्या सुमारास, मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्यातील ही वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार दुपारी १२ वाजून २२-२३ मिनिटांची असते. त्याच क्षणी उज्जैन येथे उभ्या केलेल्या एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे ९.७ सेंटिमीटर पडेल. काठी आणि तिच्या टोकावरून सावलीच्या टोकाशी जाणारा किरण यांतील कोन मोजला असता तो सुमारे ५ अंश ३१ मिनिटे भरेल.

आता भूमितीकडे वळू. सूर्य अतिदूर असल्याने दोन्ही ठिकाणी येणारे किरण समांतर मानता येतात. सोलापूरचा किरण पुढे वाढविल्यास पृथ्वीच्या केंद्रातून जातो. उज्जैनची उभी काठी खाली वाढविल्यास तीही केंद्रातच पोहोचते. म्हणून ती या दोन समांतर किरणांची छेदिका ठरते. उज्जैन येथील काठी-किरणांमधील कोन आणि पृथ्वीच्या केंद्रापाशी सोलापूर व उज्जैन यांनी केलेला कोन हे व्युत्क्रम कोन आहेत, म्हणून ते समान आहेत. पृथ्वीच्या केंद्रापाशी कोणी कोनमापक घेऊन जाऊ शकत नाही, परंतु तेथील कोन काठीच्या टोकाशी मोजता येतो. दोन्ही शहरांतील सरळ अंतर सुमारे ६१० किलोमीटर आहे. ५ अंश ३१ मिनिटांच्या कोनासमोर ६१० किलोमीटर, तर ३६० अंशांसमोर सुमारे ३९,८०० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने सायीनी व अलेक्झांड्रिया या स्थळांच्या आधारे हीच पद्धत वापरली होती. त्याला मिळालेला कोन पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७ अंश १२ मिनिटे होता.

मे महिन्यात महाविद्यालयांना सुटी असते, ही अडचणही भूमितीच दूर करते. केंद्रातून सूर्यकिरणांना समांतर रेषा काढल्यास संगत कोनांच्या गुणधर्मानुसार प्रत्येक स्थळाचा काठी-किरण कोन केंद्रापाशी नेता येतो आणि दोहोंतील वजाबाकी म्हणजेच अपेक्षित कोन. ही वजाबाकी तारखेवर अवलंबून नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास निरभ्र आकाशात सोलापूरला हा कोन सुमारे ४१ अंश ६ मिनिटे (एक मीटर काठीची सावली सुमारे ८७ सेंटिमीटर) आणि उज्जैनला ४६ अंश ३७ मिनिटे (सावली सुमारे १०६ सेंटिमीटर) असतो. फरक पुन्हा ५ अंश ३१ मिनिटेच. सूर्याची क्षितिजापासूनची उंची आणि हा कोन परस्परांचे कोटिकोन असतात, हेही येथे विद्यार्थ्याच्या ध्यानी येते. मापनातील अचूकतेचे भान मात्र ठेवावे लागते. हा कोन ५ अंश मोजला गेला तर परीघ ४३,९२० आणि ६ अंश मोजला गेला तर ३६,६०० किलोमीटर येतो.

६. १८० अंशांची मर्यादा

समांतरतेच्या गृहीतकावर आधारलेले प्रमेय सपाट पृष्ठभागापुरतेच खरे असते, याचा अनुभव भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात आला. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटनने हे कार्य आरंभिले. त्याचे निधन १८२३ मध्ये महाराष्ट्रातील हिंगणघाट येथे, हे काम चालू असतानाच झाले. अशा सर्वेक्षणात दोन कोन मोजून तिसरा वजाबाकीने काढणे पुरेसे मानत नाहीत. तिसरा कोनही प्रत्यक्ष मोजतात, कारण वजाबाकीने काढलेला कोन आधीच्या दोन कोनांतील चूक झाकून टाकतो. शिवाय पृथ्वीच्या वक्रतेमुळे मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते. साधारण २०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळामागे ही वाढ एक सेकंद इतकी असते. ती अत्यल्प असली तरी सर्वेक्षकाला हिशेबात धरावी लागते.

७. अध्यापनासाठी काही सूचना

पिएर व्हॅन हीले व डिना व्हॅन हीले-गेल्डॉफ या डच दांपत्याने १९५७ साली भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. आकृती नुसती ओळखणे, तिचे गुणधर्म जाणणे आणि त्या गुणधर्मांतील परस्परसंबंध समजणे या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. अध्यापक एका पायरीवरून बोलत असेल आणि विद्यार्थी खालच्या पायरीवर असेल, तर संवाद घडत नाही, असा त्यांच्या विचाराचा आशय आहे. त्या अनुषंगाने पुढील सूचना करता येतील.

(१) अज्ञात कोनाच्या प्रत्येक उत्तराशेजारी विधान आणि कारण असे दोन रकाने असावेत. गुण दोन्हींना असावेत.

(२) समांतर न दिसणाऱ्या, पण समांतर दिलेल्या आणि समांतर दिसणाऱ्या, पण तसे न दिलेल्या आकृती मुद्दाम द्याव्यात. 'माहिती अपुरी आहे' हेही उत्तर असू शकते, हे विद्यार्थ्याला कळावे.

(३) पहिल्याच तासिकेला मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, उर्दू व इंग्रजी संज्ञांचा तक्ता विद्यार्थ्यांकडूनच तयार करून घ्यावा. प्रश्नपत्रिकेत 'पूरक' शब्दाबरोबर 'बेरीज १८० अंश' असा खुलासा जोडावा.

(४) गणित, भूगोल व भाषा विभागांनी एकत्र येऊन छायामापनाचा उपक्रम उज्जैन परिसरातील एखाद्या महाविद्यालयाच्या सहकार्याने राबवावा. त्यास काठी, ओळंबा, मोजपट्टी आणि घड्याळ यांपलीकडे साहित्य लागत नाही.

८. निष्कर्ष

अज्ञात कोन शोधणे म्हणजे ज्ञात गोष्टींपासून अज्ञाताकडे सकारण जाणे होय. या वाटेवर उत्तर दोन ठिकाणी चुकू शकते : अट तपासली नाही तर आणि शब्दाचा अर्थ निश्चित केला नाही तर. पहिली चूक सर्वत्र संभवते. दुसरी सोलापूरसारख्या बहुभाषिक नगरीत अधिक संभवते आणि ती सहज लक्षातही येत नाही. म्हणून ३६ ऐवजी १८ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला चुकीची खूण करण्यापूर्वी 'पूरक म्हणजे काय?' एवढा प्रश्न विचारणे हे भूमितीच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते. त्याच्या उत्तरावरून त्याला कोनसंबंध समजलेला नाही की केवळ शब्द वेगळा आहे, हे ठरेल आणि पुढील अध्यापनाची दिशाही त्यावरूनच निश्चित करता येईल.